पुस्तक होण्याआधी वाचणारी बाई

आजवर चौदा पुस्तकांत, मागच्या पानावर जिथे आभार मानतात तिथे, माझं नाव छापून आलं आहे. एका कादंबरीकाराने लिहिलं, 'वंदनाताईंच्या प्रेमळ प्रोत्साहनाशिवाय हे पुस्तक झालं नसतं.' मी त्यांना पहिली पन्नास पानं काढून टाका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी एकही काढलं नाही. प्रेमळ प्रोत्साहन ते हेच असावं.

डहाणूच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. मूळची कैनाडची, आदिवासी पाड्यावरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बी.ए. झाले तीही एका दमात, कुठे गचके न खाता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. संपादकांना हे वाक्य फालतू वाटलं तरी त्यांनी काढू नये. दुसऱ्यांची पन्नास पन्नास पानं उडवणाऱ्या बाईचं एक वाक्य राहू द्यावं.

वाचनालयातलं काम सगळ्यांना ठाऊक असतं. पुस्तकं देणं-घेणं, फाटलेली बांधायला पाठवणं, पेपर तोंडावर घेऊन झोपलेल्या आजोबांना दुपारी उठवणं. माझं दुसरं काम त्याच टेबलावरून सुरू झालं. एक वकील रोज रहस्यकथा न्यायचे. एकदा पुस्तक परत करताना त्यांनी त्याखाली एक फाइल सरकवली आणि हळूच म्हणाले, "ही पण बघा जरा. अजून छापलेली नाही."

कादंबरी त्यांचीच होती. खून बोर्डीच्या किनाऱ्यावर होतो. ऐन ओहोटीची वेळ, खलनायक सुरूच्या बनातून धावत येतो, शेठला पाण्यात ढकलतो आणि शेठ बुडतो. मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना सांगितलं की बोर्डीला ओहोटीचं पाणी एवढं आत जातं, की तुमच्या शेठला बुडायचं असेल तर आधी बराच वेळ चिखलातून चालत जावं लागेल. ते म्हणाले, वाचकाला एवढं काय कळतंय? मी म्हटलं, पुण्याच्या वाचकाला नाही कळणार. शेजारच्या झाईच्या वाचकाला कळेल आणि तो हसेल. खुनाला हसून चालणार आहे का तुम्हाला?

वकिलांनी भरती आणली. भरती आणल्याबरोबर खलनायकाची वेळ हुकली, बस सुटली, साक्षीदार भलत्याच ठिकाणी सापडला. सगळं पुन्हा जुळवायला त्यांना तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत माझ्याशी धड बोलत नव्हते. पण छापून आल्यावर पहिली प्रत घेऊन आले, आणि मग गावभर सांगत सुटले की लिहिलेलं काही असेल तर आधी वाचनालयातल्या बाईंना दाखवा, तिखट आहेत पण कामाच्या आहेत.

तेव्हा या कामाला नाव नव्हतं. 'जरा नजर टाका' एवढंच म्हणायचे. आता तलासरीची एक मुलगी मला मोबाइलवर पीडीएफ पाठवते आणि म्हणते, मॅडम, माझ्या बीटा रीडर व्हाल ना? तो शब्द मला तिनेच समजावला. कॉम्प्युटरवाले नवा प्रोग्राम बाजारात आणायच्या आधी चार माणसांना वापरायला देतात, कुठे अडतं ते बघतात, तसं. मी म्हटलं, समजलं. नवी होडी आधी खाडीत सोडून बघावी, पाणी कुठून झिरपतं ते. भर समुद्रात कळून काय उपयोग?

बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही शुद्धलेखन तपासतो. ते मुद्रितशोधकाचं काम, त्याचा डोळाच वेगळा. समीक्षकही आम्ही नव्हे. समीक्षक पुस्तक निघाल्यावर बोलतो, तेव्हा लेखकाच्या हातात ऐकून घेण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. घरच्यांचं तर धरूच नका. बायको छान आहे म्हणते, कारण तिला पानं वाढायची असतात. या सगळ्यांच्या अगोदर एका परक्या माणसाने वाचायचं आणि वाचताना आपल्याला काय झालं ते खरं खरं सांगायचं, एवढंच काम. कुठे कंटाळा आला, कोणती दोन माणसं एकच वाटली, कशावर विश्वास बसेना. औषध सुचवायचं नाही. दुखतंय कुठे तेवढं दाखवायचं.

माझी पद्धत पेन्सिलीची. वाचता वाचता मी जिथे कागद खाली ठेवून उठते, तिथे समासात 'चहा' लिहिते. एका निवृत्त इंजिनियरांना हस्तलिखित परत मिळालं तेव्हा त्यात अकरा वेळा 'चहा' होता. त्यांनी काळजीने विचारलं, "ताई, इतका चहा पिता? पित्त होईल."

"एरवी दोनदाच पिते," मी म्हटलं.

हे सगळं मजेचं झालं. एक गोष्ट मजेची नाही, तीही सांगून टाकते. झाईचे एक तरुण शिक्षक सात कथा घेऊन आले होते. मच्छीमारांच्या घरातले, आमच्यासारखेच घरातले पहिले शिकलेले. कथा शहरातल्या होत्या, उंच इमारती, कॉफी, घटस्फोट. मी तेव्हा नावाजलेली झाले होते आणि नावाजलेल्या माणसाला घाई असते. मी चार लोक उभे असताना टेबलावरूनच म्हटलं की हे तुमचं नाही, उसनं आहे, तुमच्या गावचं लिहा. त्यांनी फाइल घेतली, थँक्यू म्हणाले आणि गेले. पुढे बस स्टँडवर भेटायचे तेव्हा गाडी किती वाजता आहे एवढंच बोलायचे. लिहिणं सोडलं, असं त्यांच्या बहिणीकडून कळलं. त्या सात कथांतल्या एकीत घर सोडताना माणूस दाराची कडी आतून लावून खिडकीतून बाहेर पडतो, ते मला अजून आठवतं. ते चांगलं होतं. ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी जे लक्षात राहिलं ते सांगते, मग चहा. आणि कोणी काय लिहावं हे कधीच सांगत नाही.

आता ज्या पुस्तकासाठी संपादकांनी मला लिहायला लावलं, त्याकडे येते.

बोर्डीच्या सुमनबेन. चिकूची मोठी वाडी, माणसांनी भरलेलं घर, स्वतः शाळेत मास्तरीण होत्या. मी त्यांना सुमनबेन म्हणते, त्या मला अगं वंदना म्हणतात. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातली पहिली आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे शेवटची कादंबरी लिहिली. वाडीच्या घरात आलेली नवी सून आणि त्या वाडीत कामाला येणारी विधवा मजूर बाई लाडी, या दोघींची गोष्ट. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ती घेतली होती, दिवाळीच्या सुमारास काढणार होते, आणि त्यांना महिनाअखेर शेवटचा खर्डा हवा होता. बोर्डीत सगळ्यांना बातमी गेलेली. सुमनबेन मला म्हणाल्या, तू पास केलीस की मी पाठवते.

कादंबरी चांगली होती. तीनशे पानांत तीन वेळाच चहा. आणि तिचा जीव एका प्रसंगात होता. सासरी सगळ्यांशी भांडून निघालेली सून चालत चालत लाडीच्या पाड्यावर जाते. लाडीच्या घरात त्या वर्षीचा नवा तांदूळ नुकताच आलेला असतो. लाडी तो शिजवते आणि पहिला घास सुनेला भरवते. तिथून सून बदलते आणि पुस्तकही वळतं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तरीही मी माझी दुसरी परीक्षा घेतली. ही पद्धत मला फार वर्षांपूर्वी सापडली. चिकू उतरवून शेडमध्ये आणले की बायका ढिगाभोवती बसून लहान, मोठे, चिरलेले असे वेगळे करतात. त्यांच्यात बसून मी हस्तलिखित मोठ्याने वाचते. तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण हात बोलतात. हात मंदावले म्हणजे ऐकतायत. हात भराभरा चालून गप्पा सुरू झाल्या म्हणजे लेखक पडला. दोन पुस्तकं मी अशी पारखली होती, दोन्ही वेळा हात खरे ठरले होते. सुमनबेननी त्यांच्याच वाडीतली शेड दिली आणि आपण घरातच थांबल्या.

लाडीच्या भाताशी आले आणि सगळे हात थांबले. मंदावले नाहीत, थांबले. बारा बायका, एकीचंही बोट हलेना. मी वाचन संपवलं आणि समासात आयुष्यात कधी लिहिला नव्हता तो शब्द लिहिला, 'उत्तम'.

परतताना रिक्षात माझ्या शेजारी जानीमावशी होती. तलासरीकडच्या पाड्यावरची, नात्याने माझी लांबची मावशी, त्या शेडमध्ये वीसेक वर्षं कामाला. लिहिता-वाचता येत नाही. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ती लाडी वाईट बाई दाखवायची होती काय?"

मी म्हटलं, नाही गं, ती तर सगळ्यांत चांगली आहे.

"मग नवा भात आधी परक्या बाईला कसा घालील? घरच्या देवांना नाय, मेलेल्या नवऱ्याला नाय, आधी शेठाणीला? आम्हाला तर मान वर करवेना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला नाय माहीत? तू आपली ना?"

मी आपलीच. पण दुसरीत असताना मला आश्रमशाळेत घातलं, आणि मी घरी यायचे ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. नवा भात दिवाळीच्या आधीच घरात आलेला असायचा, देवांचं, पितरांचं झालेलं असायचं. माझ्यासमोर यायचं ते नुसतं ताट. मी कधी विचारलं नाही आणि आईने कधी सांगितलं नाही, तिला वाटत असणार हे सांगायची गोष्ट आहे का. वकिलांना ओहोटी शिकवणारी मी, स्वतःच्या घरातला भात मला माहीत नव्हता. आणि ते हात लाजेने थांबले होते. मालकिणीचं पुस्तक मालकिणीच्या शेडमध्ये वाचून दाखवल्यावर त्या दुसरं काय करणार होत्या? त्याला मी 'उत्तम' लिहून बसले होते.

दोन दिवस मी सुमनबेनना काही कळवलं नाही. खरं सांगते, पाठवून द्यावं असंच वाटत होतं. प्रकाशक पुण्याचे, वाचक पुण्या-मुंबईचे, कोणाला कळणार होतं? हे वाक्य मनात आलं आणि मला वकीलसाहेब आठवले. मी बोर्डीची बस पकडली.

सुमनबेन ओट्यावर बसल्या होत्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, बोल ने, घाबरतेस कशाला. मी आधी माझी चूक सांगितली, मग भाताची. त्यांचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं, त्या उलट तापल्या.

"वंदना, हे मी रचलेलं नाही. ती काशी होती, आमच्याकडे कामाला. चाळीस वर्षांपूर्वी मी तिच्या घरी गेले, तिचा नवा भात मी खाल्लाय. माझ्या जिभेची चव खोटी आहे का? तिने पहिला मला दिला. तेवढी माया माझ्यावर या घरात कोणी केली नव्हती."

 कादंबरीतली चूक दाखवणं वेगळं, माणसाने चाळीस वर्षं जपलेली गोष्ट हातातून काढून घेणं वेगळं. काशी केव्हाच वारली होती. मी एवढंच म्हटलं की आपण जानीमावशीकडे जाऊ. शेडमध्ये नको, तिच्या घरी. त्या म्हणाल्या, "पाड्यावर मी त्या दिवसानंतर गेलेच नाही गं."

गेलो. जानीमावशीने आम्हाला अंगणात खाटेवर बसवलं. शेडमध्ये खाली बघून काम करणारी बाई तिच्या अंगणात अगदी वेगळी होती. तिने सुमनबेनचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही गेलात तशा लगेच घरात घेतलं तिनं?"

सुमनबेन आठवू लागल्या. नाही, लगेच नाही. बाहेर बसवलं होतं. बराच वेळ. आत भांड्यांचा आवाज येत होता, काशी हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. त्यांना वाटलं, झोपडीत पसारा असेल, लाजली असेल, आवरत असेल. कादंबरीतही तसंच होतं, लाडी लाजली, एवढं अर्ध वाक्य.

"लाजली नाय," जानीमावशी म्हणाली. "आत वाढत होती."

"कोणाला? घरात तर कोणी नव्हतं."

"नव्हते त्यांनाच."

 समोर कोंबड्या फिरत होत्या, सुमनबेन त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पहिली नव्हते."

"मी तिथं नव्हते, पण असंच असणार. आधी घरचे, मग तुम्ही. आणि ती? ती तुमच्या मागून जेवली असेल." जानीमावशीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे काय कमी झालं?"

परत येताना सुमनबेननी रिक्षातूनच प्रकाशकांना फोन लावला. महिनाअखेर जमणार नाही म्हणाल्या. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं, दिवाळी हुकेल, मग पुढच्या वर्षीचं बघू, असं. त्या ऐकून घेत होत्या आणि मधून मधून 'चालेल' म्हणत होत्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "अडुसष्ट तिथे एकोणसत्तर. काशीचं खरं चाळीस वर्षं थांबलं, माझं पुस्तक एक वर्ष थांबेल."

लेखकाचा मोठेपणा कशात असतो हे मला कोणी विचारलं तर मी तो 'चालेल' सांगीन. आणि वाचणाऱ्याचा शहाणपणा कशात, तर आपल्याला काय माहीत नाही तेही माहीत असण्यात. त्यानंतर मी कोणतंही पुस्तक एकटीने पास केलेलं नाही. गोष्ट ज्यांच्या घरातली, तशा घरातल्या एखाद्या माणसाला ऐकवल्याशिवाय नाही, आणि तेही त्याच्या अंगणात.

सुमनबेननी तो प्रसंग चार वेळा लिहिला. चौथ्यांदा जमला. आता सून बाहेर बसलेली आहे, आत भांडी वाजतायत, कोणाशी तरी बोलणं चाललंय, आणि आत कोण आहे ते तिला कळत नाही. वाचकाला हळूहळू कळतं. मग दार उघडतं, तिला आत बोलावलं जातं, ती जेवते. जेवून उठते, अंगणात जाऊन आपलं ताट आपण धुते. मला ते फार आवडलं होतं. मालकाच्या घरची सून मजुराच्या अंगणात ताट धुते, सगळं न बोलता सांगून झालं. मी समासात एकही खूण केली नव्हती.

आम्ही दोघी पुन्हा जानीमावशीकडे गेलो. या वेळी मी नाही वाचलं, सुमनबेननीच वाचलं, मास्तरणीच्या खणखणीत आवाजात. जानीमावशी वालाच्या शेंगा सोलत होती. भात झाला, जेवण झालं, ती मान हलवत होती. शेवट झाल्यावर तिने विचारलं, "ताट तुम्ही धुतलं होतं?"

सुमनबेननी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "हात धुतले आणि निघाले. ताट तिथेच होतं."

"मग धुतलं कशाला लिहिलं? ऱ्हाऊ दे ना तिथंच."

सुमनबेननी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि तिथल्या तिथे ती ओळ खोडली. छापलेल्या पुस्तकात सून हात धुऊन निघून जाते, आणि ताट लाडीच्या घरात तसंच पडलेलं आहे.